आधी पान सांग

मुरारजी पेठ, सोलापूर

चि. छकुलीस,


तुमच्या कादंबरी-आव्हानाचा तक्ता नीट वाचला. महिन्याला एक कादंबरी, शेवटच्या रविवारी एकत्र बसणं आणि प्रत्येकीनं दहापैकी गुण देणं, हे सगळं तुम्ही पुण्यातल्या नोकऱ्या सांभाळून करताय याचा मला फार आनंद आहे. तू विचारलंस, "आत्या, आमचं बरोबर चाललंय ना?" विचारलंस म्हणून स्पष्ट लिहिते. त्या तक्त्यात साताच्या खाली एकही आकडा नाही. वाचणाऱ्या मुली वेगवेगळ्या घरांतल्या, पुस्तकांचं एकमेकांशी नातं नाही आणि तरी सगळ्यांचे गुण सात ते नऊच्या मधे. असं होत नसतं गं. ‘ययाति’ला तू नऊ दिलेस. का, म्हणून विचारलं तर म्हणालीस, "ज्ञानपीठ मिळालेल्या लेखकाला कमी कसे द्यायचे?" म्हणजे ते नऊ गुण तुझे नव्हतेच, ते निवड समितीचे होते.

माझं मुख्य सांगणं एवढंच आहे की गुण देण्याआधी पान सांगायला शिका. कुठल्या पानावर थांबलीस, कुठे कंटाळून चार पानं उलटलीस, कुठलं पान मागे जाऊन पुन्हा वाचलंस. पान सांगता येत नसेल तर ते मत बहुतेक मलपृष्ठावरून आलेलं असतं, नाहीतर प्रस्तावनेतून, नाहीतर पुरस्काराच्या बातमीतून. पान सांगता आलं की मत चुकीचं असलं तरी तुझं असतं, आणि त्यावर बोलता येतं.

‘ययाति’वरच दाखवते. ही कादंबरी १९५९ सालची. दुसऱ्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७४ चं ज्ञानपीठ तिचे लेखक वि. स. खांडेकर यांना मिळालं, मराठीला मिळालेलं पहिलं ज्ञानपीठ. गोष्ट ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या निवेदनांतून पुढे जाते. आता असं कर, तिघांच्या निवेदनांतलं एकेक पान निवड आणि मोठ्यानं वाच. नाव झाकलं तर कोण बोलतंय ते ओळखू येतं का? मला येत नाही. विषयसुखात बुडालेला राजा, अहंकारानं पेटलेली शुक्राचार्यांची मुलगी आणि दासी होऊन राहिलेली राजकन्या, तिघंही सारखीच सुभाषितं बोलतात, उपमाही एकाच वळणाच्या देतात. तिघांच्या तोंडून खांडेकरच बोलत राहतात. तीन निवेदक घेणाऱ्या कादंबरीत हा मोठा दोष आहे आणि कुठल्याही पुरस्कारानं तो पुसला जात नाही.

पण त्याच पुस्तकात अलका आहे. महाभारतात नसलेली ही दासीची मुलगी खांडेकरांनी स्वतः घडवली. राजघराण्याच्या सोयीसाठी तिला संपवलं जातं आणि पुढे राजा सुखामागे कितीही धावला तरी तिचे सोनेरी केस त्याच्या मनातून जात नाहीत. तो भाग वाचताना सुभाषितांचा विसर पडतो आणि राजवाड्याच्या भिंतींमागे काय काय दडपलं जातं ते कळून पोटात कालवतं. म्हणून माझं मत असं, की एवढ्या एका मुलीसाठी ‘ययाति’ वाचावी आणि तिघांच्या एकाच आवाजासाठी तिचे गुण कापावेत. मी सहा देईन. तू नऊच दे, माझी हरकत नाही. मात्र माझ्या सहामागे पानं आहेत, तशी तुझ्या नवामागेही असू देत.

खांडेकरांचा विषय निघालाच आहे, तर आपल्या गावची एक गोष्ट तुला माहीत असायला हवी. १९४१ साली मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरलं, त्याचे अध्यक्ष वि. स. खांडेकर होते. आदल्याच वर्षी रत्नागिरीच्या संमेलनाचं अध्यक्षपद ना. सी. फडक्यांकडे होतं. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या वादातली ही दोन मोठी माणसं लागोपाठच्या वर्षी एकाच खुर्चीवर बसली. फडके म्हणत कादंबरीचं काम रंजवणं, तिचं तंत्र नीट साधलं पाहिजे. १९३१ मध्येच त्यांनी ‘प्रतिभासाधन’ लिहून ते तंत्र मांडलंही होतं. खांडेकरांना कादंबरीनं माणसाच्या दुःखाशी आणि ध्येयाशी इमान राखायला हवं होतं. वाद चांगला होता. वाचकांनी मात्र त्यात पक्ष घेतले. एकदा पक्ष घेतला की आपल्या बाजूच्या लेखकाचं पुस्तक उघडायच्या आधीच त्याला पैकीच्या पैकी गुण पडतात. पुढे १९६३ मध्ये नेमाड्यांची ‘कोसला’ आली, चव बदलली आणि त्यानंतरच्या पिढीनं फडके-खांडेकर दोघांनाही न वाचताच निकालात काढलं. तुमच्या पिढीत हा दुसरा प्रकार जास्त आहे. तुझ्या एका मैत्रिणीनं तक्त्याखाली लिहिलंय, "जुनं, भाबडं, वाचवत नाही." तिला माझा एकच प्रश्न विचार, किती पानांनंतर?

आता वाचायच्या पद्धतीबद्दल. फोनमधला तक्ता असू दे, पण एक साधी वही कर. प्रत्येक कादंबरीसाठी तीनदा लिही. पन्नास पानं झाली की एकदा, चार ओळी पुरेत. संपल्या दिवशी दुसऱ्यांदा. आणि तिसऱ्यांदा आठेक दिवसांनी, पुस्तक न उघडता. ही तिसरी नोंद सगळ्यांत प्रामाणिक असते. संपल्या दिवशी शेवटाचा भर ओसरलेला नसतो. रडवणाऱ्या शेवटाला त्या दिवशी कुणीही नऊ देईल. आठ दिवसांनी कोण आठवतं, कुठली जागा आठवते, की फक्त रडल्याचंच आठवतं, ते पाहा. मी शाळेत मराठी शिकवताना मुलांना हेच करायला लावत असे. सुट्टीनंतर परतलेल्या मुलांना पुस्तकातला उपदेश क्वचितच आठवे. एखाद्या माणसाची लकब, एखादा रस्ता, जेवणाचा एखादा प्रसंग हमखास आठवे.

महिन्याच्या मुदतीबद्दल मला थोडी काळजी वाटते. मुदत असली की वाचन होतं हे खरं, पण मुदतीपायी पुस्तकं कशी निवडली जातात ते तुमच्या यादीत दिसतंय. पातळ पुस्तकं वर, जाड खाली. पातळ म्हणजे सोपं असा हिशेब कादंबरीत चालत नाही. माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) सुट्टीच्या एका दिवसात संपेल एवढीशी आहे. आपल्या सांगोल्याला लागून असलेल्या माणदेशातलं धनगरांचं गाव, तिथे आलेला तरुण मास्तर, म्हातारा कारभारी, गावानं मिळून बांधलेली तालीम आणि शेवटी दुष्काळात मेंढरं घेऊन उठून गेलेली वस्ती. एका दिवसात वाचलीस तर तुला वाटेल, काही घडलंच नाही. माडगूळकर वाक्यं आखूड लिहितात, भावना सांगत नाहीत, माणसं काय करतात तेवढंच दाखवतात. म्हणून तिच्यासाठी महिना पुरा घे आणि रोज थोडी वाच. उलट नेमाड्यांची ‘हिंदू’ (२०१०) सहाशे पानांच्या घरातली. तिला एक महिना देणं म्हणजे तिला आणि स्वतःला फसवणं. सरळ दोन महिने द्या, आव्हानाचा नियम बदला. नियम तुम्हीच केलाय ना?

महिन्याच्या मुदतीत न बसणारी आणखी एक: हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ आधी त्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. १८९० साली सुरू झालेल्या त्या पत्राचे वाचक यमूची कहाणी आठवड्याच्या तुकड्यांनी वाचत होते. मधल्या दिवसांत घराघरांत तिच्यावर बोलणं होत असणार, आणि आपल्याच माजघरात तशी एखादी यमू असल्याचं कुणाला तरी दिसत असणार. सलग वाचून संपवणाऱ्याला हे मिळत नाही. ती कादंबरी तुमच्या यादीत घाल, पण चार महिन्यांत विभागून, इतर पुस्तकांच्या जोडीनं.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकाला गुण देऊ नका. त्या रकान्यात "सोडली" लिहा आणि पुढे पान क्रमांक. सोडण्यात कमीपणा काही नाही. न संपवता आठ देणं मात्र मला अजिबात पटत नाही, आणि तुमच्या तक्त्यात असे दोन-तीन आठ आहेत अशी माझी शंका आहे.

माप कुठलं लावायचं, हा यापेक्षा अवघड प्रश्न. मराठी कादंबरीच्या सुरुवातीलाच तीन वाटा फुटल्या. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) विधवांचं जिणं समोर ठेवणारी. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) अद्भुत घटनांनी मन रमवणारी. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ (१८७१) इतिहासात नेणारी. नेमाड्यांनी सगळ्या मराठी कादंबरीची विभागणी या तिघींच्या नावांनीच केली आहे. नेमाड्यांच्या पुष्कळ निकालांशी माझं जमत नाही, पण ही विभागणी वाचकाला कामाची आहे. रणजित देसाईंची ‘स्वामी’ हातात घेतलीस तर तिला ‘बनगरवाडी’चं कोरडेपण मागू नकोस. ती माधवराव-रमाबाईंच्या नात्याची भरजरी गोष्ट आहे, त्या भरजरीपणातच तिचं यश शोधायचं. मात्र ऐतिहासिक कादंबरीला एक प्रश्न सोडू नकोस: लेखकानं काय रचलंय आणि काय नोंदीतून घेतलंय? ‘मृत्युंजय’ वाचलेली माणसं कर्णाबद्दल बोलतात तेव्हा ती व्यासांचा कर्ण सांगतात की शिवाजी सावंतांचा, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नसतं. हे लेखकाच्या ताकदीचं लक्षण आहे आणि वाचकाच्या ढिलाईचंही.

आपल्याच जिल्ह्यातल्या एका लेखकानं मापाचा हा प्रश्न मुळापासून हलवला. शरणकुमार लिंबाळे अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. त्यांचं ‘अक्करमाशी’ तुम्ही यादीत कादंबरी म्हणून घातलंय. ते आत्मकथन आहे, ते वेगळं वाचा. त्यांची ‘सनातन’ ही कादंबरी घ्या, तिला २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला आहे. लिंबाळ्यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ लिहून विचारलं, की जे साहित्य वेदनेतून आणि नकारातून आलं, ते वाचकाला आनंद देतं का या कसोटीवर कसं घासायचं? हा प्रश्न तुमच्या तक्त्यालाच विचारलेला आहे. "आवडली" या एका रकान्यात तुम्ही सगळ्या कादंबऱ्या कोंबताय. एखादी कादंबरी वाचून तुला लाज वाटली, राग आला, जेवण गेलं, तर तिला "आवडली नाही" म्हणून पाच देणार का? तिनं तुझ्यात जे करायचं ठरवलं होतं ते केलं की नाही, असा प्रश्न हवा. आणि दुसरी बाजूही तितकीच प्रामाणिकपणे धर: विषय दुःखाचा आहे म्हणून लेखन चांगलं ठरत नाही. दलित, ग्रामीण, स्त्रीवादी अशी पाटी पाहून भीतीनं नऊ देणं हा त्या लेखकाचा सन्मान नव्हे, ती त्याला दिलेली सूट आहे. त्याच्याशी बरोबरीनं वाद घालण्यात खरा मान आहे.

पुढचे दोन महिने काय वाचावं ते मात्र मी हक्कानं सांगणार आहे. रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ (१९७१) आणि लगेच देविदास सौदागरांची ‘उसवण’. बोराडे लातूरकडचे, सौदागर आपल्यापासून पाऊण तासावरच्या तुळजापूरचे. दोन्ही कादंबऱ्या शिंप्याच्या आहेत आणि दोन्हींमधे अर्धं शतक आहे. ‘पाचोळा’त गंगाराम शिंप्याच्या संसाराची वाताहत त्याची बायको सांगते, मराठवाड्याच्या बोलीत, एकाही शहरी शब्दाचा आधार न घेता. वरती ‘ययाति’तल्या आवाजाबद्दल जे म्हणाले ते इथे ताडून पाहा: ही बाई बोलते तेव्हा बोराडे कुठेच दिसत नाहीत. ‘उसवण’ लिहिणारे सौदागर स्वतः शिवणकाम करत आलेले. तयार कपड्यांच्या लाटेत गावातल्या शिंप्याचं काम कसं ओसरत जातं ते त्यात आहे, आणि २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळाला.

ही जोडी मी मुद्दाम सांगतेय. तुझं लहानपण गणवेश शिवणाऱ्या कारखान्याच्या शेजारी गेलं. शाळा सुरू व्हायच्या आधीच्या महिन्यांत रात्री उशिरापर्यंत मशिनी चालायच्या, काजं-बटणांचं काम बायका घरी न्यायच्या, नगावर पैसे मिळायचे. पुण्यामुंबईच्या पुष्कळ समीक्षकांना हे ठाऊक नाही, तुला आहे. तेव्हा विचार, लेखकाला कापड बेतणं ठाऊक आहे का? गिऱ्हाईक आणि शिंपी यांच्यातली उधारी त्यानं बरोबर पकडली आहे का? ज्या तयार कपड्यानं तुळजापूरच्या शिंप्याचं पोट मारलं, तसल्याच कपड्यावर आपल्या गल्लीतल्या बायकांची चूल पेटत होती. त्या बायकांचं काय, हा प्रश्न ‘उसवण’ वाचताना तुझ्या मनात येईल. कादंबरी त्याला जागा देते का ते बघ. नसेल देत तर तो दोष धरायचा की एका माणसाची गोष्ट सांगताना एवढं सुटणारच म्हणायचं, हे तू ठरव. मला या प्रश्नावर तुझं मत हवंय. इथे तू माझ्यापेक्षा चांगली वाचक आहेस.

आता सगळ्यांत नाजूक गोष्ट. तू लिहिलंस की यंदा यादीत सोलापूरच्याच एका ओळखीच्या लेखकाची नवी कादंबरी आहे, त्यांनी सही करून प्रत भेट दिली आहे, आणि "आता काय बोलायचं कळत नाही." कळत नाही कारण बोलायचं आहे ते तुला नीट कळलंय. आपलं शहर मोठं झालं तरी वाङ्मयाचं जग छोटंच आहे. प्रकाशनाला सभागृह भरतं, शाल-श्रीफळ होतं, तीन वक्ते बोलतात आणि तिघंही पुस्तकापेक्षा लेखकाच्या स्वभावाबद्दल जास्त बोलतात. दुसऱ्या दिवशी ‘दमदार पदार्पण’ असं छापून येतं. मग पुस्तक कपाटात जातं आणि लेखकाला कुणी वाचून बोलतच नाही. मी अशी चांगली लिहिणारी माणसं पाहिली आहेत, ज्यांचं दुसरं पुस्तक पहिल्यासारखंच राहिलं, कारण पहिल्यात काय फसलं ते त्यांना एकाही माणसानं सांगितलं नाही. सगळ्यांनी हार घातले. या गोड बोलण्यानं आपल्याकडच्या लेखनाचं जेवढं नुकसान झालंय तेवढं कुठल्याही कडक टीकेनं झालेलं नाही, असं मला अगदी मनापासून वाटतं.

म्हणून असं कर. पहिलं म्हणजे त्या पुस्तकाची एक प्रत स्वतः विकत घे. भेट प्रतीचं ओझं फार असतं, विकत घेतलेल्या प्रतीत तू मोकळेपणानं पेन्सिल चालवशील. वाचून होईपर्यंत काही बोलू नकोस, "वाचतेय, छान चाललंय" एवढंसुद्धा नको; त्या ‘छान’नं पुढे तूच बांधली जातेस. तुमच्या रविवारच्या बैठकीत जे बोलशील ते आधी लेखकाला भेटून सांग. भेटायला जाताना दोन पानं काढून ने, एक जिथे तुला वाटलं की हे दुसरं कुणी लिहू शकलं नसतं, आणि एक जिथे तुझा विश्वास उडाला. "भाषा सुंदर आहे पण कथानक कमकुवत आहे" असली वर्तमानपत्री वाक्यं नकोत. "काका, या पानावर मुलगा घर सोडतो, पण चार पानं आधी तो आईच्या औषधासाठी धडपडत होता, मग तो असा कसा निघून जाईल?" असं विचार. कदाचित त्यांच्याकडे उत्तर असेल आणि तुझंच वाचन अपुरं ठरेल. कदाचित ते रागावतील. रागावले तरी ते पान त्यांना विसरता येणार नाही. माणसाला दुखवू नये म्हणून गोडवा आवाजात ठेव, मतात ठेवू नकोस.

आणि हे जमेपर्यंत त्या कादंबरीच्या रकान्यात आकडा टाकू नकोस. कुणी कारण विचारलं तर सांग, आत्यानं मनाई केली आहे.

अनुवादाबद्दल थोडक्यात. तुमच्या गटात जिच्या घरी कानडी बोलतात ती मुलगी आहे, हे तुमचं भाग्य समजा. भैरप्पांच्या कादंबऱ्या आपण मराठीत उमा कुलकर्णींमुळे वाचल्या. ‘वंशवृक्ष’च्या अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कारही मिळाला. ‘वंशवृक्ष’ घेतलीत तर त्या मुलीला मूळ कानडीतलं एखादं प्रकरण वाचून दाखवायला सांगा. श्रोत्रियांच्या घरातलं बोलणं कानडीत कसं वाजतं ते ऐका आणि अनुवादाबद्दल वेगळं बोला. भैरप्पांच्या विचारांशी भांडण असेल तर ते भैरप्पांशी करा, त्याची शिक्षा अनुवादिकेला नको. आपल्या सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात. वाचताना याचा फायदा घेणारे मात्र फार थोडे.

मत बदलण्याची लाज धरू नका. १९१२ साली पॅरिसमध्ये आंद्रे जीद आणि त्यांच्या मंडळींनी मार्सेल प्रूस्तच्या कादंबरीचं हस्तलिखित नाकारलं. पुढे छापून आलेलं पुस्तक जीद यांनी नीट वाचलं आणि १९१४ च्या सुरुवातीला प्रूस्तला स्वतः पत्र लिहून सांगितलं की ते नाकारणं ही आमच्या हातून झालेली फार मोठी चूक होती. एवढा मोठा लेखक, पण त्याला ते लिहावंसं वाटलं. तुमच्या तक्त्यात जुने गुण खोडून नवे टाकायची सोय ठेवा, मात्र जुना आकडा दिसत राहू दे आणि शेजारी तारीख असू दे. दहा वर्षांनी तो तक्ता वाचताना तुम्हाला कादंबऱ्यांइतकंच स्वतःबद्दलही कळेल.

शेवटी सरासरीबद्दल. तुम्ही सगळ्यांच्या गुणांची सरासरी काढून वर्षाची सर्वोत्तम कादंबरी ठरवणार आहात म्हणे. ते नका करू. एका पुस्तकाला सगळ्यांनी सात दिले, दुसऱ्याला अर्ध्यांनी दहा आणि अर्ध्यांनी चार, तर सरासरी सारखीच येते, आणि दुसरं पुस्तकच बोलण्यासारखं असतं. रविवारी सुरुवात त्या दोघींपासून करा, जिनं सगळ्यांत जास्त दिले आणि जिनं सगळ्यांत कमी. दोघींनी आपापलं पान वाचून दाखवायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. एकमत झालं नाही म्हणून बैठक फसली असं मानू नका.

मी हिराचंद नेमचंद वाचनालयातून तुझ्यासाठी ‘पाचोळा’ काढून आणणार होते, पण माझ्याकडे घरची प्रत सापडली. तिच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर माझ्या नोंदी आहेत, म्हणून ती पानं कव्हर घालून झाकून ठेवली आहेत. आधी तू वाच, तुझी वही लिही, मगच माझ्या नोंदी बघ. ‘उसवण’ तिकडेच विकत घे, नव्या लेखकाचं पुस्तक विकत घ्यावं. पुढच्या शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं येणार असशील तर आईकडे निरोप दे, शेंगाचटणी कुटून ठेवते. ‘ययाति’ही बरोबर आण. तुझ्या नऊ गुणांची पानं मला वाचून दाखवायची आहेत, आणि माझं मत बदलवता आलं तर मी खुशीनं बदलेन.

तुझी,
आत्या